१७ वर्षांची पहिलटकरीण, एचबी ८.४, वजन ३९ किलो: ऊसतोडीला जाण्याआधी काय काय करून घ्यावं?

गटप्रवर्तक_मराठवाडा

नमस्कार. आमच्या एका आशाताईंकडची केस आहे. मुलगी १७ पूर्ण, पहिलटकरीण. बाराव्या आठवड्यात नोंदणी झाली तेव्हा वजन ३८ किलो, उंची १४८ सेंमी. आता २० आठवडे, वजन ३९, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ८.४, बीपी ११०/७०. लाल गोळी (लोहाची) चालू आहे म्हणते, पण पाकिटं मोजली तर महिन्याला आठ-नऊच संपल्यात. मळमळतं, संडास काळी होते. सासूबाईंचं म्हणणं, गोळीनं बाळ काळं होतं आणि जास्त खाल्लं की बाळ मोठं होऊन अडतं.

दिवसाचं खाणं: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा नाहीतर पातळ कालवण, परत चहा, रात्री भाकरी किंवा भात. टीएचआर (अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारा आहार) घरात सगळे मिळून खातात. दसऱ्यानंतर नवरा-बायकोची जोडी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणार, म्हणजे बाळंतपण फडावरच, उसाच्या रानात.

गोळ्यांचं वेळापत्रक कसं बसवायचं, याच घरात काय खाऊ घालायचं आणि बाळ कमी वजनाचं झालं तर पहिल्या महिन्यात काय बघायचं, हे नेमकं सांगा. "चौरस आहार घ्या" हे आम्हीही सांगतो, त्यानं काही होत नाही.

तालुका_वैद्यक

ताई, एचबी ७ ते ९.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय. इथे रोजची एक गोळी पुरत नाही, दोन लागतात. एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. सोबत कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. गाडी अडते ती इथेच, कारण चारही गोळ्या जेवणानंतर एकदम घेतल्या जातात आणि कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. असं बसवा:

सकाळी ८, न्याहारीबरोबर: कॅल्शियम
दुपारी ३, जेवणानंतर दोन तासांनी: लाल गोळी, लिंबूपाण्याबरोबर
संध्याकाळी ७, जेवणाबरोबर: कॅल्शियम
रात्री १०, झोपताना: लाल गोळी

दुपारचा चहा ४ वाजता किंवा त्यानंतर. गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको. मळमळ जास्त असेल तर पहिले आठ दिवस फक्त रात्रीची गोळी द्या, मग दुपारची जोडा. रिकाम्या पोटी लोह चांगलं शोषलं जातं हे खरं, पण उलटून पडलेली गोळी शून्य मिलिग्रॅम. संडास काळी होणारच. गोळी पोटात गेल्याची ती खूण आहे, हे आधीच सांगून ठेवलं तर घाबरून बंद करत नाहीत. बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, गोळी तोडू नका. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दुसऱ्या तिमाहीत एकदा द्यायची असते. ती झाली का, कार्डावर बघा.

बरोबर एका महिन्याने एचबी परत. निदान १ ग्रॅमने वाढलं पाहिजे. गोळ्या खरंच पोटात जाऊनही वाढलं नाही तर सिकल सेल, थॅलेसेमिया (हे रक्ताचे आनुवंशिक आजार) आणि बी-१२ ची कमतरता यांकडे बघावं लागतं. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवा.

हिच्या बाबतीत माझं मत थोडं पुढचं आहे. पाच आठवड्यांनी ही फडावर जाणार आणि गोळ्यांचा इतिहास असा. त्यामुळे शिरेतून लोह देण्याचा विषय आत्ताच वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवा. हिशेब असा: ११ वजा ८.४, गुणिले ३८ किलो, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. साधारण ७४० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज असेल तर २०० मिलिग्रॅम १०० मिली सलाईनमधून सावकाश, दिवसाआड, चार वेळा. एफसीएम (फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, शिरेतून द्यायचं दुसरं लोह) असेल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: हजार मिलिग्रॅमची बाटली "सगळ्यांना एक" म्हणून लावली जाते. किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर ३८ किलोच्या मुलीला एका वेळी ५७० च्या वर जायचं नाही. शिरेतलं लोह चालू असताना लाल गोळी थांबवायची.

आणि बीपी. पंधरा-सोळा-सतराच्या पहिलटकरणींमध्ये गरोदरपणातला रक्तदाब जास्त दिसतो. वीस आठवड्यांनंतर दर भेटीला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन. १४०/९० किंवा डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आहारवाली

आधी सासूबाईंचं. बाळ अडतं ते आईच्या कमरेची हाडं अजून पुरती वाढलेली नसतात म्हणून. कमी खाल्लं तर बाळाच्या अंगावरचं मांस आणि चरबी कमी होते, डोकं मात्र त्या मानानं लहान होत नाही. म्हणजे अडायचं ते अडतंच, वर बाळ अशक्त निघतं. "कमी खा म्हणजे सुखानं सुटशील" या वाक्याला उत्तर द्यायचं तर ते एवढंच. डॉक्टरांकडून सासूबाईंसमोर वदवून घ्या, मुलीला एकटीला सांगून उपयोग नाही.

दुसरं, ही मुलगी स्वतः अजून वाढतेय. या वयात आईचं शरीर स्वतःच्या वाढीचा वाटा बाजूला काढतं आणि बाळ उरल्यावर भागवतं. वजन वाढतंय म्हणून बाळ वाढतंय असं धरून चालत नाही. इथे तर आठ आठवड्यांत एकच किलो वाढलाय. तिचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) १७.३ आहे, म्हणजे कमी. आता आठवड्याला अर्धा किलो हवा, बाळंतपणापर्यंत काटा ४९-५० वर जायला हवा. दर पंधरवड्याला त्याच काट्यावर वजन.

गरोदरपणात रोजचे ३५० उष्मांक जास्त लागतात. प्रथिनं दुसऱ्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅम, तिसरीत २२ ग्रॅम जास्त. त्या घरात बसेल असं:

चहा-टोस्टच्या जागी अर्धी भाकरी आणि एक उकडलेलं अंडं. दुपारी भाकरीबरोबर घट्ट वरण एक वाटी. पातळ कालवणात डाळ पळीभरही नसते, नुसतं पाणी पोटात जातं. वाटीत चमचा उभा राहील इतकं घट्ट म्हणा, म्हणजे समजतं. चार वाजता मूठभर, ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे. बेरीज करा: अंडं ६ ग्रॅम प्रथिनं, शेंगदाणे साडेसात, ३० ग्रॅम डाळ सात. वीस ग्रॅम झाले, ३५० उष्मांकही जवळपास भरले. पण हा वरचा वाटा झाला. मुळातलं जेवण पोटभर नसेल तर नुसता खड्डा भरला जातो. म्हणून दोन्ही वेळा निदान दीड भाकरी हवीच. नेहमीच्या ज्वारीऐवजी बाजरी मिळाली तर चांगलं, लोह जास्त.

पालेभाजी रोज एक वाटी, शिजलेली: शेवग्याचा पाला, राजगिरा, चाकवत, मेथी, शेपू, जे असेल ते. हे उगाच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळं जन्मतः भरलेली होती. भाजी लोखंडी कढईत करा, उतरवल्यावर वरून लिंबू पिळा.

टीएचआर रोजचे ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं या हिशेबानं येतो. तो घरभर वाटला की हिच्या वाट्याला दोन घास. पाकीट आल्या दिवशीच तिच्या नावाच्या डब्यात वेगळं काढायला लावा. सेविकेसमोर अंगणवाडीत बसून खाल्लं तर त्याहून बरं.

आणि मशेरी लावते का, ते विचारलं का कुणी? मातीचे, कच्च्या तांदळाचे डोहाळे आहेत का?

गटप्रवर्तक_मराठवाडा

मशेरी आहे, सकाळ-संध्याकाळ. कच्चे तांदूळ पण. घरात म्हणतात डोहाळे आहेत, पुरवा. गूळ-शेंगदाणे आणि बीट चालू केलंय त्यांनी, "रक्त वाढतं" म्हणून.

आहारवाली

कच्चे तांदूळ, भाजकी माती हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. ते पुरवायचे डोहाळे नव्हेत. लोह भरलं की बहुधा आपोआप जातात.

मशेरी बंद. मुंबईत केलेल्या एका अभ्यासात तंबाखू-मशेरी वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, दिवसही लवकर भरले. सवय सकाळच्या तलफेची असते, त्या वेळेला साधं दंतमंजन हातात द्या. आणि घरातल्या इतर बायकांची डबी मोरीतून हलवा, नाहीतर काही खरं नाही.

गुळाचं सगळ्यांनाच फार कौतुक. २० ग्रॅमच्या खड्यात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. लाल गोळीत साठ. बीटचा रंग लाल आहे एवढंच. खाऊ द्या, चांगलंच आहे, पण "गूळ खाते ना" म्हणून गोळी सुटायला नको.

कायद्याची_पायवाट

वरच्या दोघांनी न बोललेला मुद्दा. वय १८ च्या आत आहे. लग्न झालेलं असलं तरी पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लागू होतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. कलम १९ नुसार ज्याला माहिती आहे त्यानं ती द्यायची असते, त्यातून आशा आणि डॉक्टर सुटत नाहीत. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून रीतसर करा. पण यामुळे उपचार एक दिवसही थांबवता येत नाहीत. सगळ्यात घातक म्हणजे भीतीपोटी कार्डावर १९ लिहिणं. मग जोखमीच्या यादीत नाव येत नाही, लाल स्टिकर लागत नाही आणि ९ तारखेच्या मातृत्व अभियानाच्या तपासणीत ती साधी केस म्हणून निघून जाते.

मुलीला एकटीत विचारा, हे मूल तिला हवं आहे का. नको असेल तर गर्भपाताला अल्पवयीन मुलीसाठी दोन डॉक्टरांच्या मतानं आणि पालकाच्या संमतीनं २४ आठवड्यांपर्यंत कायद्यात वाट आहे. हातात चारच आठवडे आहेत. १०९८ वर चाइल्डलाइन.

पैशांचं: मातृवंदनेला (गरोदर बाईला पैसे देणारी केंद्राची योजना) वय १८ वर्षे ७ महिने लागतं, ते बसणार नाही. जननी सुरक्षेला (दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणारी योजना) वयाची अट आता नाही, बाकीची पात्रता बघा. शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, रक्त आणि गाडी फुकट. तिथे वय विचारत नाहीत.

बाळ_पहिले_४२_दिवस

बाळाबद्दल. फडावरचं बाळंतपण आत्ताच रद्द करून घ्या. आठव्या महिन्यात परत येणं किंवा ज्या कारखान्याला जाणार तिथलं ग्रामीण रुग्णालय ठरवून कार्डावर लिहिणं, दोहोंपैकी एक. मुकादमाचा फोन नंबर आशाताईंकडे हवा. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) स्थलांतराची नोंद झाली तर तिथल्या अंगणवाडीत आहार मिळू शकतो.

नाळ लगेच कापू नका म्हणून सांगून ठेवा. एक ते तीन मिनिटं थांबलं की आईचं रक्त कमी असलेल्या बाळाला लोहाचा चांगला साठा मिळतो, तो पुढे महिनोन्‌महिने पुरतो. पहिल्या तासात छातीशी. चीक सांडून मध-साखरपाणी चाटवणं, गुटी, काही नको.

वजन अडीच किलोच्या आत भरलं तर कांगारू. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे, उभं, मान एका बाजूला वळवलेली. अंगावर फक्त टोपी, मोजे, लंगोट, वरून लुगड्यानं घट्ट बांधायचं. एका वेळी निदान तासभर, दिवसभरात जितकं जास्त तितकं चांगलं. आई थकली तर आजी, बापसुद्धा. १८०० ग्रॅमच्या आत असेल तर घरी नाही, एसएनसीयूत (रुग्णालयातला आजारी नवजात बाळांचा कक्ष). दोन किलो होईपर्यंत आंघोळ नको, शेक-शेगडी-धुरी तर मुळीच नको. खोपीत धूर कोंडतो.

हलकं बाळ रडून मागत नाही, झोपून राहतं. म्हणून दर दोन तासांनी उठवून पाजायचं, रात्रीही. ओढत नसेल तर दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं. बोंडल्यानं पाजलं तर थेंब-थेंब, ओतायचं नाही, ठसका लागतो. बाटली नको.

पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला हवं, पुढे रोज २० ते ३० ग्रॅम. आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं हीच पद्धत आधी करून दाखवली. दूध ओढणं सोडलं, अंग गार किंवा तापलं, मिनिटाला ६० च्या वर श्वास, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, झटका: यातलं एक जरी दिसलं तरी १०८.

आईला बाळंतपणानंतरही लाल गोळी १८० दिवस. पाणी, डाळ, भाजी बंद करून नुसता तूप-भात घालू नका. दूध पाजताना गरोदरपणापेक्षाही भूक जास्त, ६०० उष्मांक वरचे. तांबी (पाळणा लांबवायला गर्भाशयात बसवतात ती) बसवायची असेल तर ४८ तासांच्या आत, दवाखान्यातच विचारा.

गटप्रवर्तक_मराठवाडा

सगळ्यांचे आभार. शनिवारी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलते. एकच राहिलं. फडावर पहाटे चारला निघतात, अंडं उकडायला कोण बसतंय? गाडीत टाकून देता येईल असं काही?

आहारवाली

लाडू द्या. फुटाण्याचं पीठ पाव किलो, शेंगदाण्याचं कूट पाव किलो, भाजलेले तीळ १०० ग्रॅम, किसलेला गूळ ३०० ग्रॅम. पाक करू नका, पाक चुकला की दगड होतो. कूट गरम असतानाच गूळ घालून मळलं की तेल सुटतं आणि लाडू वळतात. ३० ग्रॅमचे तीस होतात. एकात १३० उष्मांक, साडेचार ग्रॅम प्रथिनं. निघताना एक, दहाच्या सुमारास एक. काळे, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे कूट करण्याआधी निवडून टाका, एकही जाऊ देऊ नका. पत्र्याच्या घट्ट डब्यात पंधरा दिवस टिकतात, मग खवट वास येतो. म्हणून सगळे एकदम करू नका, तीळ आणि दाणे भाजून वेगळे बांधून द्या, कूट तिथे करता येतं. आणि डबा तिच्या कपड्यांच्या गाठोड्यात.