‘टोटल ड्रामा’चा बहर नेमका कशामुळे ओसरला?

अनवट_प्रेक्षक

टॉम मॅकगिलिस आणि जेनिफर पर्च यांनी निर्माण केलेली ‘टोटल ड्रामा आयलंड’ ही कॅनडातील अ‍ॅनिमेशन मालिका जुलै 2007 मध्ये तेथील टेलेटून वाहिनीवर सुरू झाली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर आली. निर्जन जागी राहणारे स्पर्धक मतदानाने एकमेकांना बाद करतात, त्या ‘सर्व्हायव्हर’ या रिअ‍ॅलिटी शोचे ते उघड विडंबन होते. 22 किशोरवयीन स्पर्धक, दोन गट, एक मोडकळीला आलेले शिबिर आणि स्पर्धकांच्या हालअपेष्टांत आनंद मानणारा क्रिस मॅक्लीन हा सूत्रसंचालक, एवढ्या सामग्रीवर ती उभी होती. त्यानंतर 2009 मध्ये ‘अ‍ॅक्शन’ आणि 2010 मध्ये ‘वर्ल्ड टूर’ ही पर्वे आली. तोवर या मालिकेचा चाहतावर्ग चांगलाच वाढला होता. 2014 च्या ‘पाकिट्यू आयलंड’पर्यंत मात्र तो उत्साह पुष्कळ ओसरलेला दिसतो. रिअ‍ॅलिटी शोंचेच नावीन्य संपल्यामुळे त्यांचे विडंबनही शिळे झाले, असे कारण बहुधा सांगितले जाते. ते आपणांस पटते का, की दोष मालिकेच्या लेखनात शोधायला हवा?

रेषावेडी

नावीन्य संपल्याचे कारण मला पटत नाही, कारण 2000 साली सुरू झालेला ‘सर्व्हायव्हर’ आजही चालू आहे. मूळ कार्यक्रम टिकून असताना त्याच्या विडंबनाचा विषय संपला असे कसे म्हणता येईल?

आधी हा बहर कशामुळे आला ते पाहू. अ‍ॅनिमेशनमधील रिअ‍ॅलिटी शोची कल्पना ‘टोटल ड्रामा’ने प्रथम आणली असे नाही. कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर 2004 ते 2007 या काळात ‘ड्रॉन टुगेदर’ ही प्रौढांसाठीची मालिका होऊन गेली, जिच्यात निरनिराळ्या अ‍ॅनिमेशन शैलींतील आठ पात्रे एका घरात राहत. परंतु तिथे रिअ‍ॅलिटी शो हा केवळ पडदा होता, कारण पात्रे एकत्र आणण्याचे निमित्त साधले की लेखक स्पर्धा विसरून जात आणि प्रेक्षकाला धक्का देणाऱ्या विनोदांकडे वळत. ‘टोटल ड्रामा’ने याच्या नेमके उलट केले. तिने स्पर्धा गांभीर्याने घेतली. कोण बाद होणार, कोणाची युती टिकणार, मतदानात कोण दगा देणार, या प्रश्नांची उत्तरे प्रेक्षकाला खरोखर हवी असत. रात्री शेकोटीजवळ सुरक्षित स्पर्धकांना एकेक मार्शमेलो मिळे आणि ज्याला तो मिळत नसे, त्याला धक्क्यावरून चालत जाऊन पराभूतांच्या नावेत बसावे लागे. हा विधी मुळातच हास्यास्पद होता, तरीही त्या क्षणी श्वास रोखला जाई.

विडंबनही नेमक्या जागी घाव घालणारे होते. पहिल्या पर्वात हेदर या कारस्थानी मुलीला डोके भादरून घेण्याचे आव्हान मिळते. ती नकार देऊन वस्तऱ्याचे यंत्र लाथेने उडवते, ते तिच्याच डोक्यावर येऊन पडते आणि केस जातात ते जातातच. तरीही आव्हान नाकारले म्हणून तिला बाद ठरवले जाते! कोर्टनी ही दुसरी स्पर्धक अन्यायाने बाद होते आणि ‘अ‍ॅक्शन’मध्ये वकिलांच्या बळावर, कार्यक्रमावर दावा ठोकून परत येते. वरकरणी काटेकोर दिसणारे नियम प्रत्यक्षात निर्मात्याच्या सोयीने कसे वाकतात, हे मुलांच्या मालिकेने इतक्या स्वच्छपणे दाखवले होते. ‘बिग बॉस’ मराठी पाहणाऱ्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

उताराचे मूळ मला भागसंख्येत दिसते. पहिल्या तीन पर्वांना प्रत्येकी 26 किंवा त्याहून एखादा अधिक भाग मिळाला होता, तर 2012 च्या ‘रिव्हेंज ऑफ द आयलंड’मध्ये 13 नवे स्पर्धक आणि भागही 13 च होते. म्हणजे ओळख होते न होते तोच पात्र निघून जाते. बाद होणाऱ्याविषयी काही वाटलेच नाही, तर मार्शमेलोच्या त्या विधीत उरते काय?

टोरांटोकर

वरील विवेचनात एक स्थानिक पदर जोडतो. हे शिबिर ऑन्टारियोतील मस्कोका भागात असल्याचे मालिकेत सांगितले जाते. टोरांटोपासून मोटारीने दोन-अडीच तासांवर असलेला हा सरोवरांचा प्रदेश उन्हाळी शिबिरांसाठी ओळखला जातो. लाकडी खोल्या, होड्या, शेकोटी आणि बेचव जेवण या गोष्टी इथल्या कित्येक मुलांनी स्वतः अनुभवलेल्या असतात. त्यामुळे इथल्या प्रेक्षकांना या मालिकेत ‘सर्व्हायव्हर’बरोबरच आपल्या उन्हाळ्याच्या सुटीचेही विडंबन दिसत होते. स्पर्धक आपले मनोगत कॅमेऱ्यासमोर मांडतात ती जागा म्हणजे शिबिराचा संडास, हा विनोद तर शिबिरात राहून आलेल्या माझ्या मुलांना समजावून सांगावा लागला नाही.

पुढची पर्वे चित्रपटांच्या ओसाड आवारात आणि नंतर विमानातून जगभर गेली तेव्हा ही ओळखीची जमीन सुटली. ‘वर्ल्ड टूर’मधील गाणी मला आवडतात (स्पर्धकांनी गायलाच हवे, ही अट मुळात फारच गमतीची आहे), परंतु एझिकिएलसारखा साधा खेडवळ मुलगा त्या पर्वात जवळजवळ श्वापद होऊन विमानाच्या तळघरात राहतो, तिथे मला पहिल्यांदा शंका आली. अतिशयोक्ती तोवर कार्यक्रमाची होती, ती तिथे माणसांची होऊ लागली.

नियमबाह्य

रेषावेडी यांचा भागसंख्येचा मुद्दा महत्त्वाचा असला, तरी तो सारा भार पेलू शकेल असे मला वाटत नाही. 2013 च्या ‘ऑल-स्टार्स’मध्ये ओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण 14 स्पर्धक जुनेच होते. तरीही चाहत्यांचा सर्वाधिक रोष त्याच पर्वावर आहे आणि तो अनाठायी नाही. ग्वेन आणि कोर्टनी यांची तुटलेली मैत्री अनेक भाग खर्चून जुळवली जाते आणि मग कोणाला कोणत्या क्रमाने बाद करायचे याची कोर्टनीची यादी उघड करून एका फटक्यात मोडली जाते. माइक या स्पर्धकाच्या मनातील अनेक व्यक्तिमत्त्वांचा गुंता तर मनातली एक कळ दाबून सोडवला जातो. ही निव्वळ आळशी कथारचना आहे. आणखी भाग मिळाले असते, तर असेच आणखी प्रसंग पाहावे लागले असते, एवढेच.

माझ्या मते खरी अडचण क्रिसची आहे. प्रारंभी तो प्रेक्षकसंख्येसाठी मुलांना कड्यावरून उडी मारायला लावणारा निगरगट्ट सूत्रसंचालक होता, म्हणजेच खऱ्या दूरचित्रवाणी व्यवसायाचे व्यंगचित्र होता. ‘रिव्हेंज’मध्ये त्याने बेट विषारी कचऱ्याने भरवलेले असते, शेवटी त्याला अटक होते आणि पुढच्या पर्वात तो तुरुंगातून सुटून पुन्हा त्याच कामावर हजर होतो. इथे तो कार्टूनमधला नेहमीचा खलनायक झाला, आणि अशा खलनायकाकडून कोणत्याच व्यवसायाचे विडंबन होत नाही.

अनवट_प्रेक्षक

दोन्ही बाजू पटण्यासारख्या आहेत. मग याच मालिकेतून निघालेली 2015 ची ‘रिडॉन्क्युलस रेस’ आपण कुठे बसवाल? तिला जुन्या चाहत्यांनी मनापासून दाद दिली होती.

रेषावेडी

ती तर माझ्या बाजूची साक्षीदार आहे. जोड्यांच्या जगभरच्या शर्यतीवरील ‘द अमेझिंग रेस’ या कार्यक्रमाचे विडंबन करणाऱ्या त्या मालिकेत 26 भाग होते, 18 जोड्या होत्या आणि डॉन हा नवा सूत्रसंचालक होता. जोडी असल्यामुळे प्रत्येक पात्राला बोलायला आणि भांडायला माणूस आयता मिळाला, त्यामुळे थोड्या वेळात अधिक ओळख झाली. सूत्रसंचालक बदलल्याने नियमबाह्य यांची क्रिसविषयीची तक्रारही तिथे लागू पडत नाही, हे मान्य करते. दुर्दैवाने तिचे दुसरे पर्व निघाले नाही, आणि 2018 मध्ये त्याच जुन्या पात्रांना पाळणाघरातील बालके करून ‘टोटल ड्रामारामा’ काढण्यात आली, जिच्यात स्पर्धाच नव्हती.

नियमबाह्य

2023 मध्ये आलेल्या नव्या ‘टोटल ड्रामा आयलंड’कडे मात्र दुर्लक्ष करू नये. भाग पुन्हा 13 च आहेत, स्पर्धक 16 आहेत आणि तरीही लेखन कितीतरी घट्ट आहे. त्यातील प्रिया या मुलीच्या आईवडिलांनी तिला लहानपणापासून याच कार्यक्रमात जिंकण्यासाठी घडवलेले असते. स्वतःच्याच चाहत्यांची ही खोड मालिकेने ‘वर्ल्ड टूर’मधील सिएरा या कार्यक्रमवेड्या स्पर्धक मुलीच्या निमित्तानेही काढली होती, पण इथे एक पिढी मध्ये गेल्यामुळे ती अधिक झोंबते. भागसंख्येवर सगळे खापर फोडण्यापूर्वी रेषावेडी यांनी हे पर्व पाहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.