मदत हवी आहे : ऑनर्स विद्यार्थ्यांचे सत्रअखेरीचे वार्तापत्र आणि सन्मान समारंभ

नमस्कार. आमच्या विद्यापीठातील ऑनर्स विद्यार्थ्यांसाठी सत्रअखेरीचे वार्तापत्र काढण्याचे आणि छोटा सन्मान समारंभ आखण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले आहे, आणि एका मुद्द्यावर मी अडले आहे.

समारंभ परीक्षा संपताच होतो, पण अंतिम गुण त्यानंतर काही दिवसांनी लागतात. त्यामुळे 'कुम लाउडे', 'माग्ना कुम लाउडे' आणि 'सुम्मा कुम लाउडे', म्हणजे सन्मानासह, मोठ्या सन्मानासह आणि सर्वोच्च सन्मानासह, या लॅटिन श्रेणींपैकी कोणाच्या नावापुढे काय छापावे हे त्या दिवशी नक्की ठरलेले नसते. आधीच्या सत्रांच्या गुणांवरून श्रेणी छापून खाली 'तात्पुरती' अशी टीप द्यावी, की श्रेणी वगळून फक्त प्रबंधाचे शीर्षक आणि मार्गदर्शकांचे नाव द्यावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण वर्षभराची मेहनत प्रबंधातच दिसते. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयाने १९२२ साली सुरू केलेल्या ऑनर्स अभ्यासक्रमातही बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोरील परीक्षेला महत्त्व होते, निव्वळ सरासरीला नव्हे.

शीर्षकांची मात्र धास्ती वाटते. गेल्या समारंभात एक विद्यार्थिनी पहिल्या रांगेत बसून कार्यक्रमपत्रिकेवरचे स्वतःच्याच प्रबंधाचे चुकलेले शीर्षक पेन्सिलीने दुरुस्त करत होती.

ज्यांचा प्रबंध पुढच्या सत्रात गेला आहे, त्यांचा उल्लेख त्यांना अवघडल्यासारखे न होता कसा करावा, हेही कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. मजकुराचा एखादा नमुना मिळाल्यास फार उपयोग होईल.