१९४६ची काल्पनिक स्वस्त मोटार : विमानाच्या कारखान्यात कशी बनेल?

शाईदौत : कादंबरीसाठी एक काल्पनिक ब्रिटिश कारखाना रचतेय. युद्धात बॉम्बरचे पंख बनवायचा, १९४६ मध्ये ऑर्डरी आटल्या. मालक परवडणारी छोटी मोटार काढायचं ठरवतो. इंजिन केवढं दाखवू? बॉडी ॲल्युमिनियमची चालेल? आणि पहिल्या गाड्यांत काय बिघडलेलं दाखवलं तर जाणकार हसणार नाहीत?

बारा_नंबरचा_पाना : सीसी नंतर, आधी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) बघा. १९४६ मध्ये तिथे मोटारीचा वार्षिक कर बोअरवर होता: इंचातल्या बोअरचा वर्ग, गुणिले सिलिंडर, भागिले २.५. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) हिशेबातच नाही. म्हणून मॉरिस एट या छोट्या गाडीचं बोअर ५७ मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, ९१८ सीसी असून कागदावर ८ हॉर्सपॉवर. दर हॉर्सपॉवरला सव्वा पौंड, म्हणजे वर्षाला १० पौंड. पण १९४८ पासून नव्या गाड्यांना सरसकट १० पौंड झाले. तुमच्या मालकाने ४६ साली बारीक बोअरचं इंजिन आखलं, तर गाडी बाजारात येईपर्यंत त्याचा फायदाच संपलेला असेल. कथेला ही गोष्ट बिघाडापेक्षा जास्त कामाची आहे.

पोलादाचा कोटा निर्यातीवर ठरायचा. बाहेरच्या बऱ्याच देशांत स्टिअरिंग डावीकडे लागतं, म्हणून स्टिअरिंग बॉक्स दोन्ही बाजूंना बसेल अशी चासी (गाडीचा सांगाडा) पहिल्या दिवसापासून हवी.

रिव्हेट : ॲल्युमिनियम चालेल, कारण पोलादाची टंचाई होती. १९४८ ची लँड रोव्हर त्यामुळेच ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याची. पत्रे सपाट आणि एकाच दिशेने वाकवलेले ठेवा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या महागड्या प्रेस-डाय लागत नाहीत. स्पॉट वेल्डिंगचा नाद नको: ऑक्साइडचा थर आडवा येतो, करंटही पोलादापेक्षा बराच जास्त लागतो. पंख बनवणारे कामगार रिव्हेटच मारणार. त्यात वेळ जातो आणि ‘स्वस्त’चं गणित तिथेच कोसळतं. फ्रान्सच्या पानहार्डने डायना झेडची बॉडी आधी ॲल्युमिनियमची काढली आणि खर्च झेपेना म्हणून पोलादावर आली.

बिघाड हवा असेल तर पत्रा आणि पोलादी चौकट यांच्यामध्ये रबराची किंवा रंगाने भिजवलेल्या कापडाची पट्टी विसरलेली दाखवा. बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर दोन हिवाळ्यांत ॲल्युमिनियम पोलादाला भिडून गंजतं, रिव्हेटभोवती पांढरी भुकटी जमते, मग भोकं मोठी होऊन पत्रा खडखडायला लागतो.

शाईदौत : झकास. मालकाला स्वस्त टू-स्ट्रोक इंजिन दिलं तर?

बारा_नंबरचा_पाना : स्वीडनच्या साबने तेच केलं. तीही विमान कंपनीच. साब ९२ चं उत्पादन डिसेंबर १९४९ मध्ये सुरू झालं: दोन सिलिंडर, ७६४ सीसी, २५ हॉर्सपॉवर, इंजिन आडवं, पुढच्या चाकांना ताकद. सांगाडा ताठ राहावा म्हणून डिकीला बाहेरून झाकणच नव्हतं. सामान मागच्या सीटवरून आत ढकलायचं!

मेख तेलात आहे. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच जातं. लांब उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन जोरात फिरतं, पण मिश्रण जवळपास बंद, म्हणजे तेलही बंद. पिस्टन जॅम. म्हणून फ्रीव्हील बसवतात: पाय उचलला की चाकं इंजिनापासून सुटतात. तुमच्या मालकाने पैसे वाचवायला फ्रीव्हील गाळलं, तर वेल्समधल्या पहिल्याच घाटात गाडी थांबेल.

रिव्हेट : आणि बसवलं तर इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. पुढच्या ब्रेकचे ड्रम छोटे ठेवले असतील तर त्याच घाटात तापून पेडल खाली जातं.