अनुभव धागा: युद्ध चालू असताना टीव्हीवर कोणी सरकारला जाब विचारला, तेव्हा तुमच्या घरात काय झालं?

युद्ध बरोबर होतं की चूक, यावर भरपूर लिहून झालंय. ते इथे नको. लढाई चालू असताना टीव्हीवरच्या एखाद्या भाष्यकाराने सरकारला धारेवर धरलं, तेव्हा तुमच्या आजूबाजूची माणसं कशी वागली, तेवढंच लिहा. कोणी शिव्या घातल्या, कोणी टीव्ही बंद केला, कोण नुसतंच गप्प राहिलं? देश कुठलाही चालेल. ऐकीव मात्र नको.

रात्रपाळी

१९८२, फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनाची लढाई. मी तेव्हा इंग्लंडमध्ये ज्युनियर डॉक्टर होतो. डॉक्टरांच्या खोलीत रात्री बीबीसीचं 'न्यूजनाइट' लागलेलं असायचं. २ मेच्या कार्यक्रमात निवेदक पीटर स्नो यांनी दोन्ही बाजूंचे दावे शेजारी ठेवून तपासले. निष्कर्ष तसा ब्रिटनच्याच बाजूचा होता: ब्रिटिश आपल्याला फसवताहेत किंवा नुकसान लपवताहेत असं दिसून येत नाही, तोवर त्यांच्याच सांगण्यावर जास्त विश्वास ठेवायला हवा. पण लोकांना झोंबलं ते 'ब्रिटिश'. 'आपलं सैन्य' का नाही म्हणाला? एका खासदाराने तर हा जवळजवळ देशद्रोहच ठरवला.

दोन दिवसांनी 'शेफिल्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर क्षेपणास्त्र आदळलं आणि २० माणसं गेली. त्यानंतर खोलीतली हवाच बदलली. आमचे एक वरिष्ठ सर्जन, एरवी पंतप्रधान थॅचरबाईंचं नाव निघालं की नाक मुरडणारे, म्हणाले, 'हे प्रश्न लढाई संपल्यावर विचारा.' वॉर्डातल्या सिस्टरचा धाकटा भाऊ नौदलात होता. तिचं म्हणणं अगदी उलटं. संरक्षण खात्याचे प्रवक्ते इयान मॅकडोनाल्ड इतकं संथ वाचायचे, की वाक्य संपेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. 'मला खरं सांगणारा कोणीही चालेल, तो कुणाच्या बाजूचा आहे याच्याशी मला काय करायचंय?' १० मेला बीबीसीच्याच 'पॅनोरमा' कार्यक्रमाने युद्धाबद्दल शंका असलेल्या खासदारांना बोलू दिलं, तेव्हा स्नोंच्या वेळेपेक्षाही मोठा गदारोळ झाला. मला परक्या माणसाला कोणी मत विचारलं नाही. ते माझ्या सोयीचंच होतं म्हणा.

उंबरा

कारगिल, जून १९९९. दीर तोफखान्यात, द्रासच्या बाजूला कुठेतरी. पाकिस्तान टीव्ही सरकारने केबलवरून बंद करवला होता, त्यामुळे बातम्या म्हणजे दूरदर्शन आणि दोन-तीन खाजगी वाहिन्या. आमच्या घरचा माणूस आघाडीवर, म्हणून संध्याकाळी शेजारपाजार आमच्याकडेच जमायचा.

एका रात्री चर्चेत एक ज्येष्ठ पत्रकार म्हणाले, फेब्रुवारीत आपली बस लाहोरला गेली, आणि नंतर कळतंय की शिखरांवर माणसं चढून बसली आहेत. गुप्तचर यंत्रणा करत काय होत्या? वाजपेयींचं सरकार एप्रिलमध्ये एका मताने पडलेलं, काळजीवाहू म्हणून चाललेलं, निवडणूक तोंडावर. शेजारचे काका भडकलेच. 'हा विरोधकांचा माणूस! पोरं तिकडे मरताहेत आणि ह्याला हिशेब सुचतायत!' उठले आणि टीव्ही बंद केला. आमचा टीव्ही, बरं का.

सासूबाई कणकेच्या हातानेच बाहेर आल्या. 'लावा तो परत. माझं पोरगं तिथे कशापायी गेलंय ते मला ऐकायचंय.' काकांनी निमूट लावला, तोवर जाहिराती सुरू झाल्या होत्या.

त्याच महिन्यात लष्करप्रमुख जनरल मलिक म्हणाले, हाताशी जे आहे त्यानिशी लढू. दुसऱ्या दिवशी हेच काका: 'बघा, जवानांना सामान तरी पुरवलंय का या लोकांनी?' जनरलसाहेबांमुळे काकांना तो प्रश्न देशभक्तीचा वाटला, पत्रकाराने विचारला तेव्हा गद्दारी होती! पुढे सरकारनेच संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली आणि तिने गुप्तचर यंत्रणांच्या त्रुटी मांडल्या. ती बातमी काकांनी मला वर्तमानपत्र उघडून दाखवली, 'मी काय म्हणत होतो?' अशा थाटात. मी हो म्हटलं. शेजार आहे.

पुराव्यानिशी

आता कोणीतरी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा विषय काढणारच, म्हणून आधीच सांगतो. २७ फेब्रुवारी १९६८ ला त्यांनी सीबीएसवर व्हिएतनामचं युद्ध कोंडीत अडकलंय, आता वाटाघाटीच कराव्यात, असं सांगितलं. देशाचं मत एका रात्रीत फिरलं आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी टीव्हीसमोर कपाळाला हात लावला, अशी त्याची दंतकथा झाली आहे. जॉन्सन त्या रात्री टेक्सासमध्ये गव्हर्नर कॉनलींच्या वाढदिवसाला गेले होते. आणि ऑक्टोबर १९६७ च्या गॅलप जनमत पाहणीतच ४७ टक्के लोक सैन्य पाठवणं चूक होतं म्हणत होते, ४४ टक्के नव्हतं म्हणत होते. लोक आधीच वळायला लागले होते, क्रॉन्काइट त्यांच्या मागून आले.

रात्रपाळी

माहिती उत्तम. अनुभव कुठाय?

फॅक्सवाली

माझा अनुभव फोनच्या पलीकडच्या टोकाचा. कारगिलच्या वेळी मी एका वृत्तवाहिनीत प्रेक्षकांचे फोन आणि फॅक्स नोंदवायचे. आमचे एक भाष्यकार सरकारला टोचून बोलायचे. त्यांचा कार्यक्रम संपायच्या आतच फोन खणखणायला लागायचे.

पहिला प्रश्न ठरलेला: 'त्यांच्या घरचं कोणी सीमेवर आहे का?' मी आधी आधी उत्तर द्यायचे, मग सोडून दिलं. भाष्यकार काय बोलले, ते खरं की खोटं, याबद्दल क्वचितच कोणी विचारायचं. राग असायचा तो वेळेवर. हीच वेळ सापडली का? शवपेट्या गावात येत असताना? मला त्यात ढोंग वाटलं नाही. चार दिवसांपूर्वी तालुक्यात अंत्ययात्रा पाहून आलेला माणूस गुप्तचर यंत्रणेवरची चर्चा थंडपणे कशी ऐकेल?

कौतुकाचे फोनही यायचे, पण आवाज खाली आणून. 'चांगलं बोलले, सांगा त्यांना.' नाव काय लिहू विचारलं, की 'राहू दे, नाव नको.' शिव्या देणारे मात्र नाव, गाव, हुद्दा सगळं लिहून घ्यायला लावायचे. संपादकांच्या टेबलावर जो गठ्ठा जायचा, त्यात म्हणून एकच बाजू दिसायची. 'जनता खवळली आहे' असं जेव्हा कुठे वाचते, तेव्हा मला तो गठ्ठा आठवतो.

न्यू जर्सी लोकल

२००३, इराक युद्धाच्या तोंडावर एमएसएनबीसी या अमेरिकी वृत्तवाहिनीने युद्धाला विरोध करणाऱ्या फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. त्या वाहिनीवर सर्वांत जास्त बघितला जाणारा कार्यक्रम होता तो. पुढे महिन्याभरात एनबीसीसाठी बगदादहून बातम्या देणारे पीटर आर्नेट यांनी इराकी टीव्हीला मुलाखत दिली, अमेरिकेची पहिली योजना फसली म्हणाले, आणि एनबीसीने त्यांना काढलं. ऑफिसात 'बरं झालं' म्हणणारे बरेच. मी व्हिसावर होतो. मान हलवली.

निवृत्त सुभेदार

सरकारला काय विचारायचं ते खुशाल विचारा, आम्हाला त्याचा त्रास नाही. आमची तोफ कुठे आहे ते कॅमेऱ्यात दाखवू नका. टीव्हीवाल्यांवरचा आमचा राग एवढाच होता, आणि तो अजून आहे.

एमबीबीएस अपूर्ण

मार्च २०२२, मॉस्को. रशियाचं युक्रेनमधलं युद्ध नुकतंच सुरू झालेलं. सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद, हा कायदा नुकताच आलेला. १४ तारखेला सरकारी वाहिनीवर मुख्य बातम्या चालू असताना त्याच वाहिनीच्या संपादक मरीना ओव्ह्सियान्निकोवा निवेदिकेच्या मागे फलक घेऊन उभ्या राहिल्या: युद्ध थांबवा, प्रचारावर विश्वास ठेवू नका, इथे तुमच्याशी खोटं बोललं जातंय. काही सेकंदांत दृश्य बदललं.

घरमालकीण आजी माझ्याशेजारीच बसल्या होत्या. त्यांचं पहिलं वाक्य: 'मुलंबाळं असतील ना हिला?' मग फोनवर मुलीशी जुंपली. मुलगी म्हणे हे सगळं घडवून आणलंय, आजी म्हणे घडवायला कोणाला वेड लागलंय. मधेच मुलीने 'आई, फोनवर नको' म्हणून फोन ठेवला. ओव्ह्सियान्निकोवांना नंतर ३०,००० रूबल दंड झाला. पुढे त्या एका जर्मन वृत्तसमूहात रुजू झाल्या, तर बर्लिनमध्ये युक्रेनी लोकांनीच निदर्शनं केली: इतकी वर्षं त्याच वाहिनीत होतीस, तेव्हा कुठे होतीस?

मी घरी फोन करताना सरळ 'युद्ध' म्हणायचो. रूममेट चिडायचा, 'सरकार म्हणतं तसं स्पेशल ऑपरेशन म्हण.' म्हटलं, अरे, मराठी इथे कोणाला कळतंय? तर म्हणाला, 'आपल्या वर्गातली अर्धी पोरं कुठली आहेत, ते विसरलास काय?'