एकच प्रार्थना, शतकानुशतके

अर्थ न कळता म्हटलेली प्रार्थना पोकळ असते, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. कोकणातल्या बेने इस्राएलींचं, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंचं, उदाहरण घ्या. कित्येक पिढ्या त्यांच्याकडे ना धर्मग्रंथ होते, ना धर्मगुरू. घरीदारी मराठी बोलणाऱ्या, तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांजवळ हिब्रूतली 'शमा' (देव एकच आहे असं सांगणारी) ही एकच प्रार्थना उरली होती. सुंता असो, लग्न असो की मयत, तीच म्हणायची. ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी एवढ्यावर त्यांनी धर्म जपला! याला पोकळ कसं म्हणायचं? पुढे १९व्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही केली. मलिदा या त्यांच्या आभाराच्या विधीत मात्र आजही गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आळवणी हिब्रूतच होते. इस्रायलला गेलेली कुटुंबंही हा विधी करतात.