डिस्ने वर्ल्ड, ऑरलँडो: पाच दिवसांचं तिकीट सहा दिवसांत कसं बसवावं?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं आहे. शनिवारी संध्याकाळी पोचतोय आणि पुढच्या शनिवारी दुपारनंतर परतीचं विमान आहे. म्हणजे रविवार ते शुक्रवार असे सहा दिवस पूर्ण हातात आहेत. तिकीट पाच दिवसांचं, पार्क हॉपर नसलेलं, त्यामुळे एका दिवशी एकच पार्क.

आम्ही पाच जण. आम्ही दोघं, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची (उंची १०५ सेंटिमीटर) आणि सासरे, वय ७१. सासऱ्यांना चालायला अडचण नाही, पण एका जागी फार वेळ उभं राहिलं की गुडघे धरतात. हॉटेल डिस्नेचंच आहे, पण मोनोरेलवरचं नाही, सगळीकडे बसनेच जावं लागेल.

कच्चा आराखडा असा: रोज सकाळी गेट उघडायच्या आत हजर, दुपारी दोन तास हॉटेलवर झोप, संध्याकाळी पुन्हा पार्क आणि रात्रीची आतषबाजी बघूनच परत. रविवार-सोमवार मॅजिक किंगडम, मग एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम आणि शुक्रवारी विश्रांती. कागदावर सगळं बसतंय, पण पाचव्या दिवसापर्यंत मुलं आणि सासरे टिकतील का? काय कापावं, काय पुढेमागे करावं?

---

पहाटवारा

आराखड्यात एक गोष्ट आधी बदला. सकाळ किंवा रात्र, एका दिवशी दोन्हींपैकी एकच घ्या.

हिशोब मांडून बघा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. पार्क ९ ला उघडणार असेल तर ८:३० ला राईड सुरू होतात, आणि त्याचा फायदा हवा तर ८ वाजता गेटवर असायला हवं. म्हणजे ७:१५ ला बसस्टॉप आणि ६ ला उठणं. त्याच दिवशी आतषबाजी बघितली तर खोलीवर यायला रात्रीचे ११:३० होतात. मुलांच्या वाट्याला सहा तास झोप. पहिल्या रात्री हे खपून जातं. तिसऱ्या दिवशी मात्र पाच वर्षांचं मूल सकाळी ११ वाजताच रडकुंडीला येतं आणि मग त्या दिवसाचं तिकीट वाया जातं.

सकाळचे पहिले दोन तास सोन्यासारखे असतात. तेव्हा ज्या चार-पाच राईड सहज होतात, त्याच दुपारी करायच्या तर तीन-चार तास रांगेत जातात. दिवस संपतानाही रांगा उतरतात आणि एक नियम फार उपयोगी पडतो: बंद व्हायच्या वेळेच्या एक मिनिट आधी रांगेत शिरलात तरी राईड मिळते. ११ ते ४ हा पट्टा सगळ्यात वाईट. ऊन, गर्दी आणि जुलैत बहुतेक दुपारी गडगडाटी पाऊस. त्या वेळात मोठ्या राईडच्या मागे लागूच नका.

माझी मांडणी अशी:

रविवार: ॲनिमल किंगडम, सकाळी. हे पार्क बहुधा इतरांच्या आधी उघडतं, आतषबाजी नसते आणि दुपारी २-३ पर्यंत समाधानाने उरकतं. किलिमांजारो सफारीत सकाळी जनावरं जास्त हिंडताना दिसतात. अनेक टाइमझोन ओलांडून येणार असाल तर पहिल्या दिवशी सगळे भल्या पहाटे टक्क जागे असतील, त्याचाही उपयोग होईल.
सोमवार: हॉलिवूड स्टुडिओज, सकाळी.
मंगळवार: एपकॉट, उशिरा जाऊन रात्रीपर्यंत.
बुधवार: विश्रांती.
गुरुवार: मॅजिक किंगडम, सकाळी.
शुक्रवार: मॅजिक किंगडम, दुपारी ३ नंतर आतषबाजीपर्यंत.

विश्रांती शेवटच्या दिवशी ठेवण्यात काही अर्थ नाही. थकवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, सुट्टीही तेव्हाच हवी. पाच दिवसांचं तिकीट पहिल्या दिवसापासून आठ दिवसांत कधीही वापरता येतं, त्यामुळे मधे खंड पडला तरी चालतो.

---

सावलीतला_बाक

दुपारच्या झोपेबद्दल. बसवरच्या हॉटेलातून दोन तासांचा ब्रेक म्हणजे झोप नव्हेच, नुसता प्रवास होतो.

राईडपासून गेटपर्यंत चालत १५ मिनिटं, बसची वाट २० मिनिटांपर्यंत, बसमध्ये १५-२०, हॉटेलच्या स्टॉपपासून खोलीपर्यंत आणखी ५-१०. जाताना तासभर, येताना तासभर. शिवाय परतताना बॅगांची तपासणी पुन्हा होते. ब्रेक चार तासांचा असेल तरच खोलीवर जा. त्याहून कमी असेल तर पार्कातच थंड जागी बसा.

अशा जागा आधीच हेरून ठेवा. मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस: वीसेक मिनिटं एसी, मऊ खुर्च्या आणि रांग जवळजवळ नसतेच. हॉल ऑफ प्रेसिडेंट्स आणि मिकीज फिलहारमॅजिकही तसेच. एपकॉटमध्ये द अमेरिकन ॲडव्हेंचर अर्ध्या तासाचा आहे, लिव्हिंग विथ द लँड ही संथ बोट पंधरा मिनिटांच्या आसपासची. ॲनिमल किंगडममध्ये फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग अर्धा तास. असे दोन कार्यक्रम लागोपाठ घेतले की सासऱ्यांचे गुडघे आणि लेकीचा मूड दोन्ही ताळ्यावर येतात.

जेवणही त्या पट्ट्यातच, पण १२ ते १:३० सोडून. ॲपवर मोबाईल ऑर्डर सकाळीच करून ११ किंवा २ ची वेळ घ्या. १२ वाजता ऑर्डर करायला गेलात की पुढची मोकळी वेळच तासाभरानंतरची दाखवतो. बर्फ घातलेलं पाणी जिथे फाउंटनची पेयं मिळतात अशा काउंटरवर फुकट मिळतं, मागायचं फक्त.

पावसाचं एक लक्षात घ्या. पाऊस नुसता असेल तर बरंच काही चालू राहतं, राईड बंद पडतात त्या विजा कडाडल्यामुळे. बाहेरच्या रोलर कोस्टर, मॅजिक किंगडमची फेरी बोट, स्कायलायनर (केबल कार) आणि हॉटेलचा पोहण्याचा तलावसुद्धा. म्हणून विश्रांतीच्या दिवशी तलाव सकाळी आणि झोप दुपारी. उलट केलंत तर मुलं कपडे बदलून तयार आणि तलावाला कुलूप.

---

चौथीखिडकी

पहाटवारांच्या मांडणीशी बव्हंशी सहमत, पण मॅजिक किंगडमची आतषबाजी शेवटच्या रात्री ठेवू नका. जुलैतलं वादळ कधीकधी रात्रीपर्यंत रेंगाळतं. वीज किंवा जोराचा वारा असेल तर आतषबाजी लांबते, क्वचित रद्दही होते. मग दुसरी संधी उरत नाही.

त्याऐवजी मंगळवारी मॅजिक किंगडमला दुपारनंतर जाऊन आतषबाजी बघा. दुसरा दिवस विश्रांतीचा, त्यामुळे मुलं १० पर्यंत झोपली तरी काही बिघडत नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा मॅजिक किंगडम. मंगळवारी पावसाने घात केला तर गुरुवारची रात्र हाताशी आहे. एपकॉट शुक्रवारी. तिथला वेगवेगळ्या देशांचा भाग, वर्ल्ड शोकेस, बहुधा ११ लाच उघडतो, सकाळची घाई नको. संध्याकाळी तळ्याकाठी शो बघायचा आणि शनिवारी सावकाश सामान आवरायचं.

मंगळवारी आतषबाजी संपली की लगेच गेटकडे धावू नका. सगळी गर्दी एकाच वेळी मेन स्ट्रीटवर येते, त्यात स्ट्रोलर ढकलणं म्हणजे शिक्षा. पार्क अजून उघडं असेल तर त्या वेळी उलट्या दिशेने फँटसीलँडमध्ये जा, तिथे रांगा ओसरलेल्या असतात. बंद झालं असेल तर मेन स्ट्रीटवरच्या दुकानांत अर्धा तास काढा, ती थोडी उशिरापर्यंत उघडी असतात. बसची रांग तोवर निम्मी होते.

जुलैत ही अडचण येणार नाही, पण ऑगस्टपासून पुढे जाणाऱ्यांसाठी: हॅलोवीन आणि ख्रिसमसच्या पार्ट्या असतात त्या दिवशी साधं तिकीट असणाऱ्यांना मॅजिक किंगडम संध्याकाळी ६ ला सोडावं लागतं. रात्र त्या दिवशी धरू नका. दिवसभर मात्र गर्दी तुलनेने कमी असते.

---

गुडघेदुखी_तज्ज्ञ

आजोबांसाठी व्हीलचेअर घ्या, चालता येत असलं तरी. पार्कातलं रोजचं चालणं सहज १० ते १५ किलोमीटर होतं. एपकॉटमध्ये तर तळ्याभोवतीची फेरीच सुमारे २ किलोमीटरची. आणि खरा त्रास उभं राहण्याचा आहे. बहुतेक रांगांमधून व्हीलचेअर थेट नेता येते, म्हणजे रांगेतही बसता येतं. वेळ वाचत नाही, पाय वाचतात. पार्कात भाड्याने घेतलेली व्हीलचेअर बाहेर नेता येत नाही, म्हणून आठवडाभरासाठी बाहेरच्या भाड्याच्या कंपनीकडून हॉटेलवर मागवणं सोयीचं. रांगेत उभं न राहता राईडची वेळ मिळवून देणारी डीएएस नावाची सवलत २०२४ पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी आहे. गुडघ्यांसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

लेकीला स्ट्रोलर हवाच. घरी ती दोन वर्षांपूर्वी त्यातून उठली असेल, तरी इथे हवाच. स्वतःचा आणणार असाल तर मर्यादा ७९ सेंटिमीटर रुंद आणि १३२ सेंटिमीटर लांब. ओढायच्या गाड्या चालत नाहीत. स्ट्रोलरला झाकायला प्लास्टिकचं कव्हर ठेवा, राईडमध्ये असताना सर आली तर बाहेर उभी केलेली सीट भिजते आणि मग ती त्यात बसत नाही.

१०५ सेंटिमीटरला काय मिळतं ते तिला घरीच सांगून ठेवा. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅश (दोन्ही ९७), सोअरिन आणि राइज ऑफ द रेझिस्टन्स (दोन्ही १०२) मिळतात. एपकॉटच्या गार्डियन्स रोलर कोस्टरला १०७ लागतात, थोडक्यात हुकते. स्पेस माउंटन, एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज ११२, ट्रॉन १२२. मोजणाऱ्यांशी घासाघीस होत नाही.

जिथे ती बसू शकत नाही तिथे रायडर स्विच मागा. राईडच्या दारात सगळ्यांनी मिळून जायचं, एक जण मुलीजवळ थांबतो, बाकीचे जाऊन येतात. मग थांबलेल्याला पूर्ण रांग न लावता सोडतात आणि सोबत एखाद्याला पुन्हा बसता येतं. तुमच्या मुलाला प्रत्येक वेळी दोन फेऱ्या मिळतील. आजोबा मुलीला घेऊन बसतील म्हणून हे टाळू नका. दर वेळी त्यांच्यावर ते काम पडलं की त्यांची सहल नुसती राखणीत जाते.

बूट नवे नकोत. मोज्यांचा एक जादा जोड रोज पिशवीत ठेवा. जुलैच्या पावसात मोजे ओले झाले की तासाभरात टाचेला फोड येतो आणि पुढचे सगळे दिवस बिघडतात. आला, तर प्रत्येक पार्कात फर्स्ट एड आहे, तिथे पट्टी मिळते.

---

मुक्कामपोस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय: रविवार ॲनिमल किंगडम सकाळ, सोमवार हॉलिवूड स्टुडिओज सकाळ, मंगळवार मॅजिक किंगडम दुपारनंतर, बुधवार विश्रांती, गुरुवार मॅजिक किंगडम सकाळ, शुक्रवार एपकॉट उशिरा.

एकच प्रश्न उरला. लाइटनिंग लेन मल्टी पास (जादा पैसे भरून काही राईडच्या छोट्या रांगेची वेळ आधी ठरवता येते तो) पाचही दिवस घ्यावा का? आणि कोणत्या वेळा निवडाव्यात?

---

पहाटवारा

पाचही दिवस नको. ज्या दिवशी उशिरा जाताय त्या दिवशी घ्या, म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार. सकाळची स्वस्त मिळकत त्या दिवशी नाही, ती अशी भरून काढायची. सोमवारचा विचार करा, कारण हॉलिवूड स्टुडिओजमध्ये मोठ्या राईड जास्त आणि रांगा लवकर फुगतात. रविवारी गरज नाही. गुरुवारी लवकर प्रवेश पुरतो: गेट उघडताच माइन ट्रेन, लगेच पीटर पॅन. त्या अर्ध्या तासात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड एवढंच उघडं असतं, पश्चिमेकडच्या राईडकडे जाऊन उभं राहण्यात वेळ घालवू नका.

डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना मुक्काम सुरू व्हायच्या सात दिवस आधी, ऑरलँडोच्या वेळेनुसार सकाळी ७ ला निवड खुली होते आणि मुक्कामातले सगळे दिवस एकदमच निवडता येतात. बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. सुरुवातीला तीन राईड निवडायच्या. मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजमध्ये त्यातली सर्वांत मागणीच्या गटातली एकच घेता येते.

वेळा पोचण्याच्या वेळेला चिकटवून घ्या. मंगळवारी ३ ला पोचताय तर पहिली ३:३० ते ४:३०, दुसरी त्यालाच लागून. पहिली वापरली की ॲपवर लगेच चौथी मिळते, त्यामुळे पहिली जितकी लवकर तितक्या एकूण जास्त. रात्री ८ ची वेळ आधीच अडवून ठेवली तर हा फायदा जातो. राईड तुमच्या वेळेत बंद पडली तर पास फुकट जात नाही, तो पार्कातल्या इतर ठरावीक राईडना वापरता येतो. राइज ऑफ द रेझिस्टन्स बंद पडण्याचं प्रमाण बरंच आहे आणि तिचा पास वेगळा विकत घ्यावा लागतो, म्हणून सोमवारी तिची वेळ दिवसाच्या शेवटी ठेवू नका.

---

सावलीतला_बाक

शनिवारी संध्याकाळी मुलं पार्क-पार्क करतील. तिकीट त्या दिवशी उघडू नका. डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-हॉटेलांच्या भागाला तिकीट लागत नाही, हॉटेलहून थेट बस आहे. ९ ला परत या, रविवारची सफारी सकाळीच आहे.