जुना डीएसपी बोर्ड हौशी रेडिओसाठी वापरता येईल का?

प्रश्न: माझ्याकडे मोटोरोलाच्या डीएसपी५६००२ या डिजिटल संकेत प्रक्रिया (डीएसपी) चिपचा जुना बोर्ड पडून आहे. रेडिओवर मोर्स (टिंब-रेघांचे संदेश) ऐकताना शेजारच्या वारंवारतेवरचे केंद्र त्रास देते, ते गाळणारा फिल्टर त्यावर करता येईल का, की थेट अँटेना जोडून रिसीव्हरच बनवावा?

उत्तर १: फिल्टर जरूर करावा, अँटेना मात्र थेट जोडू नये. बोर्डावरचा कोडेक (संकेताचे अंकांत आणि अंकांचे संकेतात रूपांतर करणारी चिप) ध्वनीसाठीचा असून तो सेकंदाला जास्तीत जास्त ४८,००० नमुने घेतो, त्यामुळे २४ किलोहर्ट्झच्या पलीकडचे त्याला नीट हाताळता येत नाही. हौशी रेडिओचा ७ मेगाहर्ट्झ पट्टा तर फारच दूर राहिला. रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमधून संकेत घेऊन मोर्सच्या ७०० हर्ट्झ सुराभोवती २०० हर्ट्झ रुंदीचा एफआयआर फिल्टर (मागील नमुन्यांना ठरलेल्या गुणकांनी गुणून बेरीज करणारा) लिहावा. नमुनादर ८,००० ठेवल्यास तेवढ्याच टॅपमध्ये (म्हणजे तेवढ्याच गुणकांत) फिल्टरच्या कडा सहापट तीव्र होतात. चिपमधील ही बेरीज साठवणारा ५६ बिटांचा संचायक आजही हेवा वाटावा असा आहे.

उत्तर २: जॅक आणि बोर्ड यांच्यामध्ये १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा, अन्यथा अर्थ लूपची (दोन उपकरणांच्या जमिनीच्या जोडण्यांतून फिरणाऱ्या प्रवाहाची) घरघर फिल्टरच्या आधीच कोडेकमध्ये शिरते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कोडेकचे दोन्ही चॅनेल मोकळे आहेत, तेव्हा पुढे आय आणि क्यू (एकाच संकेताची ९० अंशांच्या फरकाची दोन रूपे) संकेत देता येतील?

उत्तर १: होय, डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरचे (रेडिओ संकेत थेट ध्वनीत उतरवणाऱ्या रिसीव्हरचे) दोन मिक्सर ९० अंशांच्या फरकाने चालवले, तर नको असलेला साइडबँड (मध्य वारंवारतेच्या एका बाजूचा पट्टा) सॉफ्टवेअरमध्येच दाबता येतो.